मधे उभी राहणारी

गल्लीत भांडणाचा आवाज आला की आमच्याकडची माणसं आधी खिडकीशी जातात. यशोधरा थेट दारातून बाहेर जायची. पायात चप्पल असली तर असली. भांडणाऱ्या दोघांच्या बरोबर मधे जाऊन उभी राहायची आणि काहीच बोलायची नाही. नुसती एकदा या बाजूला बघायची, एकदा त्या बाजूला. अंगाने अगदी काडी होती. एका हाताने बाजूला सारली असती तर पडली असती. पण एवढ्याशा पोरीला धक्का कसा मारायचा म्हणून माणसं क्षणभर थबकायची, आणि थबकलं की शिवी तोंडातच राहायची. मग ती विचारायची, "झालं का जी? का आखीन बाकी हाये?"

तिचं आणि तिच्या घरच्यांचं नाव मी इथे बदललं आहे. का बदललं ते वाचता वाचता कळेल.

ती दिघोरीची. वडील बाबुराव थोडी धानाची शेती करायचे आणि ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर पाणी सोडायचं काम बघायचे. मोठा भाऊ प्रशिक फौजेत. गावाहून रोज येणं-जाणं जमेना म्हणून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला ती पवनीत आमच्याकडे वरच्या खोलीत राहायला आली. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. मुलगा पुण्याला. घरात आम्ही दोघं आणि पुढच्या खोलीतला हातमाग, ज्यावर आमचे हे अजूनही बसतात. कोष्ट्याच्या घरात बौद्धाची पोरगी ठेवली म्हणून गल्लीत थोडी कुजबुज झाली. ह्यांनी मागावरून न उठता एवढंच विचारलं, "घर आपलं हाये का गल्लीचं?" विषय तिथेच संपला.

बाबुराव तिला मोटरसायकलवर सोडायला आले तेव्हा मागे ती, तिच्या मांडीवर गादीची वळकटी आणि दोघांच्या मधे तांदळाचं पोतं, असा तो प्रवास होता. उतरल्यावर तिने पहिलं काय केलं तर ह्यांच्या मागाजवळ जाऊन उकिडवी बसली आणि धोटा इकडून तिकडे जाताना मान हलवत बघत राहिली. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "काकाजी, हे तर माह्यासारखंच काम हाये. इकडून तिकडं, तिकडून इकडं." हे हसले. ते अनोळखी माणसासमोर सहसा हसत नाहीत.

ती कोणी संत वगैरे नव्हती. स्वयंपाक तिला अजिबात येत नव्हता. लाखोळीच्या डाळीत एवढं तिखट घालायची की खाली आम्हाला ठसका लागायचा. वरचा दिवा रात्रभर जळत ठेवायची. पालीला इतकी घाबरायची की एकदा अंघोळ अर्धी टाकून बाहेर आली. बेसूर गायची आणि आपण बेसूर गातो हे तिला कधी पटलं नाही. हट्टी तर अशी की, वाद घालताना समोरचा दमला तरी ही दमायची नाही. ह्यांच्याशी टीव्हीवरून तिचं रोज वाजायचं. बातम्यांत चार माणसं एकाच वेळी ओरडायला लागली की ती जाऊन आवाज बंद करायची. "आता बघा काकाजी," म्हणायची, "तोंडं पाहा यांची. आवाज नसला का किती बिचारे दिसतेत."

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणीही कोणाची तक्रार घेऊन आलं की ती विचारायची, "त्यांच्या घरी चाय पेली का तुमी?" जावेने जावेबद्दल सांगितलं तरी हेच, कॉलेजातल्या पोराने दुसऱ्या पोराबद्दल सांगितलं तरी हेच. नाही म्हटलं की म्हणायची, "मग आधी पिऊन या. मंग बोलू." लोकांना आधी गंमत वाटायची, मग राग यायचा, आणि काही जण खरंच जायचे.

हे वाक्य कुठून आलं ते तिने मला एकदा तांदूळ निवडताना सांगितलं. ती लहान असताना गावात बोडीच्या पाण्यावरून दोन घरांत मारामारी झाली होती. बोडी म्हणजे शेतापुरतं छोटं तळं. तिच्या काकाचं डोकं फुटलं, समोरच्याचा हात मोडला. कोर्टात दोन्ही घरं वर्षानुवर्षं झिजली. काकाचं डोकं पुढे कधी नीट झालंच नाही, ते ओट्यावर बसून आल्यागेल्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचे. एकदा घरी विरजण नव्हतं आणि हिला काहीच ठाऊक नसल्यामुळे ही वाटी घेऊन थेट त्या समोरच्यांच्या घरी गेली. त्या बाईने तिला आत बसवलं, चहा दिला, विरजण दिलं, आणि जाताना हळूच विचारलं, तुह्या काकाचं डोकं अजून दुखते का गं. "घरी येऊन मी सांगितली तर मले मार बसला," यशोधरा म्हणाली. "पन काकू, त्यांचा चाय आमच्यासारखाच होता. तसाच गूळ टाकलेला. मले तेच डोक्यात बसलं."

दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. तिच्या गावच्या मंडईला आम्ही दोघंही गेलो होतो. नाटकातल्या दुष्ट सावकाराला लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की मधल्या वेळात ही पडद्यामागे गेली आणि त्या नटाला म्हणाली, दादा, तुमी जेवले का? तो नट म्हणे रडायलाच लागला. गेल्या पंधरा वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही, असं म्हणाला. ही गोष्ट ती सगळ्यांना रंगवून सांगायची आणि प्रत्येक वेळी त्या नटाचं रडणं थोडं वाढायचं.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात मोठी मारामारी झाली. कोणीतरी मोबाईलवर दुसऱ्या समाजाच्या देवाबद्दल काहीतरी ठेवलं, त्यावरून पोरांचे दोन गट झाले, एकाचं मनगट मोडलं. गावात दोन दिवस दुकानं अर्धी उघडी, अर्धी बंद. त्या दोन दिवसांत यशोधरा सायकलवर या घरी त्या घरी जात होती. ज्याचं मनगट मोडलं त्याच्या आईला घेऊन ती ज्याने मोडलं त्याच्या आईकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, "काही नाही वो काकू. दोघीबी रडल्या. पोट्टे बाहेर उभे राहून पाहून राहिले होते, त्याईले लाज वाटली." त्यानंतर पाच-सात पोरापोरींचा एक गट तयार झाला. नाव ठेवलं होतं शांती मंडळ, पण सगळे चाय मंडळच म्हणायचे. दर शनिवारी ती मंडळी चौकात पुठ्ठे धरून अर्धा तास मुकाट उभी राहायची. पुठ्ठ्यावर लिहिलेलं असायचं, "मारायच्या आधी बोला." येणारे-जाणारे हसायचे, कोणी शेंगदाणे देऊन जायचं. एका वर्तमानपत्राने फोटो छापला. प्राचार्यांनी तो काचेच्या फळ्यावर लावला आणि स्नेहसंमेलनात तिला शाल आणि नारळ दिला. शाल तिने माझ्या पायावर घातली, कारण माझे पाय हिवाळ्यात गार पडतात, आणि नारळाची चटणी केली. ती चटणीही तिखट होती.

मग सीमेवर लढाई सुरू झाली.

ते दिवस सगळ्यांना आठवत असतील. टीव्हीवर दिवसरात्र भोंगे वाजत होते. आमच्या चौकात मोठा पडदा लावला होता, लोक क्रिकेटच्या सामन्यासारखे जमून बघायचे. घराघरांवर झेंडे लागले, आमच्याही घरावर ह्यांनी लावला. प्रशिक तेव्हा तिकडेच होता. कुठे ते घरच्यांनाही माहीत नव्हतं, आणि त्याचा फोन लागत नव्हता. यशोधरा जेवायची नाही. फोन उशाला घेऊन जिन्यात बसायची, कारण तिथे रेंज बरी येते असं तिचं म्हणणं होतं. मी दोन घास भरवायला गेले तर म्हणाली, "काकू, टीव्हीवर म्हणतेत, त्यांचे एवढे मारले. लोक टाळ्या वाजवून राहिले. मले टाळी ऐकू आली का दादाच दिसते."

त्या दुपारी तिने मोबाईलवर चार ओळी लिहिल्या आणि मला दाखवायला आणल्या. मी शिक्षिका, म्हणून शुद्धलेखन तपासायला. मी एक वेलांटी दुरुस्त केली. मजकूर असा होता : "माझा दादा सीमेवर आहे. तो जिवंत घरी यावा एवढंच मला वाटतं. पलीकडेही कुणाचा दादा असेल. तोही जिवंत घरी जावा. लढाई थांबवा." खाली तिचा चौकात पुठ्ठा धरलेला फोटो.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी त्यातल्या पहिल्या दोन ओळी कापून टाकल्या. उरलं ते असं की, पवनीच्या कॉलेजातली एक पोरगी पलीकडच्या सैनिकाला दादा म्हणते आणि तो जिवंत राहावा अशी प्रार्थना करते. सोबत फोटो, नाव, वर्ग, गाव. दुपारी ते नागपूरपर्यंत गेलं. पुण्याहून आमच्या मुलाचा फोन आला की, आई, ती तुमच्याकडेच राहते ना, तिला आजच्या आज घरी पाठव. तिने पूर्ण मजकूर पुन्हा टाकला, दोनदा टाकला. तो कोणी वाचला नाही. चाय मंडळातल्या एका मुलीने तिला निरोप पाठवला की माझ्या घरचे ओरडतात, माझं नाव कुठे घेऊ नको. बाकीच्यांनी निरोपही पाठवला नाही.

गल्लीतल्या सुमनबाई आणि कुंदाबाई या दोघी समोरासमोर राहतात. नळाच्या पाण्यावरून त्यांचं किती वर्षांचं वैर होतं कोण जाणे. यशोधरा आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात तिने या दोघींच्या मधे उभं राहून आळीपाळीने दोघींच्या पाण्याच्या गुंड्या भरून दिल्या होत्या. पण बोलणं काही तिला सुरू करता आलं नव्हतं. त्या दिवशी दोघी मिळून आमच्या दारात आल्या. सुमनबाई बोलत होत्या आणि कुंदाबाई मान डोलवत होत्या. पोरीला काढा, नाहीतर गल्लीवर दगड येतील, असं त्यांचं म्हणणं होतं. यशोधरा जिन्यात उभी राहून ऐकत होती. त्या गेल्यावर म्हणाली, "बोलाले तर लागल्या दोघी." आणि हसली. ते हसू मला बघवलं नाही.

ऊन उतरल्यावर जमाव आला. बहुतेक तरुण पोरं, काही आमच्या शाळेत माझ्या हाताखाली बाराखडी शिकलेली. झेंडे होते, घोषणा होत्या. हे दाराला आडवे उभे राहिले. मी तिला मागच्या दाराने न्यायला वर गेले तर ती खोलीत नव्हती. ती जिना उतरून ह्यांच्या हाताखालून वाकून बाहेर गेली होती आणि नेहमीसारखी मधे जाऊन उभी राहिली होती.

पण या वेळी मधे उभं राहायला दुसरी बाजूच नव्हती. समोर सगळी माणसं आणि मागे आमच्या घराची भिंत. तिने सवयीने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग म्हणाली, "माह्या दादाचा फोन लागून नाही राहिला. तुमच्यापैकी कोनाचा कोनी तिकडं असन, तर विचारून सांगा ना जी."

घोषणा थांबल्या. अगदी थोडा वेळ. पुढच्या रांगेतल्या एका पोराने मान खाली घातलेली मी पाहिली. मला वाटलं, थबकले. आता सगळं थांबेल. तेवढ्यात मागून पाण्याची भरलेली बाटली आली आणि तिच्या कपाळावर बसली. मग पुन्हा घोषणा सुरू झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. ती खाली बसली तरी दोन्ही तळवे वर करून होती. पोलिसांची गाडी आली आणि तिला घेऊन गेली. सुरक्षेसाठी, असं ते म्हणाले.

ठाण्यात मी तिच्यासोबत होते. तिथला अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवला, कपाळाला पट्टी लावायला सांगितलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला की बाळा, आम्ही लिहून देतो तेवढं मोबाईलसमोर वाच, लोक शांत होतील, मीही सुटेन आणि तूही. तिने कागद घेतला. लोकांच्या भावना दुखावल्या याबद्दल मी माफी मागते, इथपर्यंत तिने नीट वाचलं. पुढचं वाक्य होतं की मी लिहिलं ते चूक होतं आणि देशविरोधी होतं. तिथे थांबली. अधिकाऱ्याने पुन्हा सुरू करायला सांगितलं. पुन्हा तिथेच थांबली.

"सायेब," ती म्हणाली, "त्यातल्या दोन ओळी माह्या दादासाठी होत्या. त्याच्या जिवंत राहन्याची माफी कोनाले मागू?"

अधिकाऱ्याने तिच्या हातातून कागद परत घेतला. मग त्याने समोर मोबाईल धरून उभ्या असलेल्या पोराला फोन बंद करायला सांगितलं. पण कोणी बंद केला नव्हता. ती थांबते, गप्प बसते, एवढाच तुकडा तासाभरात सगळीकडे फिरला. माफी मागायला नकार, असं खाली लिहिलेलं होतं. त्यानंतर गुन्हा दाखल करण्यावाचून त्या माणसाला गत्यंतर नव्हतं. कॉलेजने चौकशी होईपर्यंत तिला काढून टाकलं. काचेच्या फळ्यावरचा फोटो कोणी काढला ते कळलं नाही.

बाबुराव दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी आमच्या दोघांसमोर हात जोडले, मग बाहेर जाऊन रिकाम्या गल्लीसमोरही जोडले. कोणी नव्हतं तिथे, खिडक्या होत्या. "बाई, तुमाले लय तरास झाला," एवढंच म्हणाले. वळकटी तिच्या मांडीवर, ती मागे बसलेली, अशी मोटरसायकल निघून गेली. हे त्या दिवशी मागावर बसले नाहीत.

काही दिवसांनी लढाई थांबली. टीव्हीने सांगितलं की दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. चौकातला पडदा उतरला, ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच आता बरं झालं म्हणू लागले. प्रशिक सुखरूप होता. मी आनंदाने तिला फोन केला. मला वाटलं होतं, आता सगळ्यांना कळेल की ही पोरगी हेच तर म्हणत होती. तिने ऐकून घेतलं. "हो काकू," म्हणाली. "थांबली. पन माही केस नाही थांबली."

मग प्रशिक सुट्टीवर आला. गावाने त्याचा सत्कार ठेवला. तिच्या आईचा मला निरोप आला की पोरगी कोणाशी बोलत नाही, तुम्ही या. आम्ही दोघं दिघोरीला गेलो. ग्रामपंचायतीसमोर मांडव होता, डीजे होता, प्रशिकच्या गळ्यात हारांवर हार. बाबुरावांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की पोरीला मांडवात आणू नका, उगाच गडबड होईल. मांडव त्यांच्या घरापासून इतका जवळ होता की भाषणातला शब्दन् शब्द आत ऐकू येत होता. यशोधरा चुलीपुढे बसून भावासाठी वडे तळत होती. भाषणात एकाने म्हटलं, एकाच घरात एक हिरा आणि एक कोळसा. लोक हसले. तिने झाऱ्याने वडा उलटवला.

हार उतरवून प्रशिक घरी आला. दारात बुटांची लेस सोडत असताना तो तिच्याकडे बघत नव्हता. तिने पाण्याचा गडवा आणून ठेवला आणि मागे सरली. मी आणि तिची आई मधल्या दारात उभ्या होतो. आम्ही आहोत हे त्याला दिसत होतं, तरी तो बोलला. कदाचित कोणीतरी ऐकावं असं त्याला वाटत असावं.

"तू लिहिली ते मी वाचलो," तो म्हणाला. "तिथंच वाचलो. पुरं वाचलो, पयल्या दोन ओळीसंगट. मले बरं वाटलं. लय दिवसानं रडलो मी."

ती एक पाऊल पुढे आली.

"पन हे मी कोनाले सांगू शकत नाही. साहेबाईनं मले बलावून विचारलं का, तुही बहीण कोन हाये, काय करते. नोकरी कशीबशी राहिली. तू बी सांगू नको."

"कोनालेच नाही?" तिने विचारलं. "वकिलाले बी नाही?"

त्याने मान हलवली. नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी वडे वाढायला आत गेली.

मी इतकी वर्षं शिकवलं. मुलं रडताना पाहिली, मोठी माणसं रडताना पाहिली. पण त्या 'बरं'मध्ये जे होतं ते मला त्याआधी कधी ऐकू आलं नव्हतं. तिच्या बाजूने बोलू शकणारा जगात एकच माणूस होता, लोकांनी ज्याचं ऐकलं असतं असाही तोच एक होता, आणि त्याचंही तोंड बंद होतं. आणि तिला ते पटलंही होतं. त्याची बाजू तिने ऐकून घेतली होती. दुसऱ्याची बाजू ऐकून घ्यायची सवय तिला असायला नको होती, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. कॉलेजची चौकशी कधी संपलीच नाही. दुसऱ्या कॉलेजने अर्ज घेतला आणि नाव वाचून परत केला. बाबुरावांचं नळयोजनेचं काम गेलं, कारण सांगितलं नाही. कोर्टाच्या तारखेला ती पवनीला यायची तेव्हा आधी आमच्याकडे उतरायची. मग एकदा मुलगा पुण्याहून आलेला असताना त्याने तिच्या समोर काही म्हटलं नाही, पण तो उठून वर गेला, आणि पुढच्या तारखेपासून ती सरळ कोर्टात जाऊन सरळ परत जाऊ लागली. मी कोर्टाबाहेर डबा घेऊन गेले. ती झाडाखाली एकटी बसली होती. जवळच दोन पक्षकार एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, वकील ओढून धरत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड करून बसली. मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. तीच म्हणाली, "मले आता भेव लागते काकू. दोघाईचंबी."

त्यानंतर तिचा फोन लागेनासा झाला. आईला विचारलं तर म्हणायची, बाहेरगावी कामाला लागली, बरी आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला म्हणून नागपूरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. ह्यांना दवाखान्याचा वास सहन होत नाही, ते खालीच चहाच्या टपरीवर थांबले. वर काउंटरवर निळ्या गणवेशातल्या तीन मुली होत्या. त्यातली एक मान खाली घालून संगणकावर टाइप करत होती. "आजी, नाव सांगा," ती म्हणाली. आवाज ऐकला आणि मी वाकून तिच्याकडे पाहिलं. मराठी अगदी शहरी झाली होती. छातीवरच्या पट्टीवर 'रिया' लिहिलं होतं. केस कानापर्यंत कापलेले, कपाळावर बाटलीची खूण पावडरीखाली. मी नाव सांगितलं. "गाव?" मी पवनी म्हणाले. तिने ते टाइप केलं. "वय?" तेही मी सांगितलं. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

भिंतीवरच्या टीव्हीवर पुन्हा सीमेची बातमी लागली होती, विमानं दाखवत होते. बसलेली सगळी माणसं वर बघत होती. कोणीतरी म्हणालं, या वेळी सोडायचंच नाही. शेजारची मुलगी तिला म्हणाली, रिया, आवाज वाढव ना. तिने रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.

मग बुबुळं मोठी करायचे थेंब घालायला तीच आली. मला खुर्चीवर मागे टेकवलं, हनुवटी वर केली, बोटाने पापणी खाली ओढली. तिचा चेहरा माझ्या अगदी वर होता. थेंब पडले, जळजळलं. तिने कापूस ठेवला, डोळे मिटून घ्यायला सांगितलं आणि मिटलेल्या पापण्यांवर हात तसाच ठेवून माझ्या कानाशी वाकली.

"काकू, मले इथं वळखू नका."

मी डोळे मिटूनच मान हलवली. मला तिचा हात धरायचा होता. तेवढ्यात कोणीतरी पलीकडून विचारलं की, रिया, ओळखीच्या आहेत का गं? मीच म्हणाले, नाही हो, पहिल्यांदाच आले. तिचा हात पापण्यांवरून निघून गेला.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी तपासून सोडलं. बाहेर आले तेव्हा औषधाने सगळं पांढरं आणि धूसर झालं होतं, उजेड टोचत होता. काउंटरपलीकडे निळ्या रंगाचे तीन डाग हलत होते, सारख्याच उंचीचे. त्यातला कुठला तिचा ते मला ओळखता येईना. मी तिघींच्या दिशेने हात थोडा वर केला. कोणी उत्तर दिलं का, ते दिसलं नाही.